शिलारसात गंधक किती होतं? मुंबईच्या काळ्या दगडापासून सुरू होणारा हिशेब

"मॅडम, ह्यात गंधक नाहीच की!"

अंधेरीला राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्यासमोर कागद ठेवला. त्यांच्या सोसायटीच्या पुनर्विकासासाठी पाया खणताना काळा कातळ लागला होता. त्याचा तुकडा त्याने घरी आणला, कुटला, पूड करून तपासायला दिला. अहवालात गंधक ७० पीपीएम, म्हणजे दगडाच्या दहा लाख भागांत सत्तर भाग. त्यावरून त्याने ठरवलं की कोट्यवधी वर्षांपूर्वी महाराष्ट्रभर पसरलेल्या दख्खनच्या लाव्हात गंधक जवळजवळ नव्हतंच, आणि त्या उद्रेकांनी पृथ्वीची हवा बिघडवली असं जे म्हणतात त्यात तथ्य नाही.

मोजणी बरोबर होती. पण त्याने जे मोजलं ते पिऊन झालेल्या सोड्याच्या बाटलीत किती फेस उरला हे होतं. बाटली उघडण्याआधी आत किती वायू होता हे त्यावरून कळत नाही. जमिनीवर ओतलेला लाव्हा गंधक हवेत सोडून देतो आणि उरलेला रस थिजून आपला काळा दगड होतो. शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, गंधक किती होतं हे जाणून घ्यायचं असेल तर नमुना वेगळा लागतो, प्रश्न वेगळे विचारावे लागतात आणि त्यांचा क्रमही सांभाळावा लागतो. त्या मुलाला मी तीन-चार बैठकांत जे समजावलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. भूशास्त्राचे विद्यार्थी आणि दगडांची मनापासून आवड असलेले वाचक डोळ्यांपुढे आहेत.

आधी एवढं समजून घ्या: गंधक रसात बसतं कुठे?

पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड शिलारसात किती विरघळेल हे मुख्यतः दाबावर ठरतं. दाब वाढला की जास्त मावतं, उतरला की बुडबुडे येतात. गंधकाचं तसं सरळ नाही, कारण ते दोन पूर्णपणे वेगळ्या रूपांत विरघळतं.

रसात ऑक्सिजन कमी असेल तर गंधक सल्फाइड होऊन राहतं. अशा वेळी ते ऑक्सिजनचीच जागा घेतं, तीही शक्यतो लोहाच्या शेजारची. गर्दीच्या लोकलमध्ये बाकावरचा एक उठला तरच दुसऱ्याला टेकायला मिळतं, तसं समजा. ऑक्सिजन भरपूर असेल तेव्हा गंधक सल्फेट होतं, म्हणजे मध्ये गंधक आणि भोवती चार ऑक्सिजन. आता त्याला कुणाची जागा घ्यावी लागत नाही, ते ऑक्सिजनचा लवाजमा घेऊनच येतं. या दोन टोकांच्या मधे एक अशी अवस्था असते की सल्फाइडला जागा मिळत नाही आणि सल्फेट बनायला ऑक्सिजन पुरत नाही. गंधकवायूचा दाब तोच ठेवला तर तिथे रसात सर्वांत कमी गंधक मावतं.

हे प्रथम नीट दाखवलं गेलं ते ज्वालामुखीवर नव्हे, भट्टीतल्या मळीवर, म्हणजे धातू वितळवताना वेगळ्या होणाऱ्या वितळलेल्या दगडी गाळावर. गंधकाने पोलाद ठिसूळ होतं, म्हणून ते मळीत ओढून काढायची धातुशास्त्रज्ञांना गरज होती. फिंचम आणि रिचर्डसन यांनी १९५४ मध्ये मळीतल्या गंधकाचं हे दुहेरी वागणं मांडलं आणि ज्वालामुखीवाल्यांनी ते पुढे उचललं. मला ही गोष्ट फार आवडते. भट्टीची मळी आणि घाटातला बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा दगड, दोन्ही मुळात वितळलेले सिलिकेटच (सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची संयुगं), त्यामुळे एकाचा नियम दुसऱ्याला लागू पडला.

गंधकाला रसातून बाहेर पडायच्या वाटाही एकाहून जास्त आहेत. सल्फाइड मावेनासं झालं की त्याचे द्रवरूप थेंब सुटे होतात, आमटीवर तेल वेगळं दिसतं तसे. फरक एवढाच की हे थेंब रसापेक्षा जड असतात, तरंगायच्या ऐवजी खाली बसतात. सल्फेट मावेनासं झालं तर अॅनहायड्राइटचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे, स्फटिक बनतात. आणि दाब उतरला की गंधक बुडबुड्यांत शिरून वायू होऊन निघून जातं. पुढे जे काही मोजायचं आहे ते या तीन वाटांचाच माग काढण्यासाठी.

पायरी १: दगड कुठला घ्यायचा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे वेळ द्या.

पहिली विनंती: अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला हातोडी लावू नका. सुमारे साठ मीटर उंच, उभ्या स्तंभांचा तो काळा कातळ सहा कोटी वर्षांहून जुना आहे आणि वारसा म्हणून जाहीर झालेला आहे. वर गावदेवीचं मंदिर आहे, पायऱ्यांनी चढता येतं. जरूर जा आणि स्तंभ पाहा. पण आपल्या कामाला तो दगड तसाही उपयोगाचा नाही. असे स्तंभ सावकाश निवणाऱ्या रसात तयार होतात, आणि इतक्या वेळात रस पूर्ण स्फटिकी होतो, गंधक निसटतं किंवा पुढे शिरणाऱ्या पाण्याबरोबर इकडेतिकडे होतं.

आपल्याला हवी आहे काच, म्हणजे इतक्या झटकन थिजलेला रस की स्फटिक व्हायला सवडच मिळाली नाही. ती दोन ठिकाणी सापडते. एक, लाव्हाच्या प्रवाहाच्या कडेला, जिथे रस हवेला किंवा पाण्याला लागला. मुंबईच्या बेटांवर काही जागी पाण्यात ओतलेल्या लाव्हाच्या उशीसारख्या गाठी आहेत, त्यांच्या सालीत मुळात काच होती. "होती" अशासाठी की आपल्याकडच्या दमट हवेत आणि कोट्यवधी वर्षांच्या पाण्यात तिचं पॅलागोनाइट होतं: पिवळट तपकिरी, मेणचट, नखाने खरवडलं तर निघणारं. त्यात गंधक मोजू नका, ते उद्रेकाच्या वेळचं नाही. आणि एक लक्षात ठेवा, कडेची काच शाबूत मिळाली तरी ती वायू सुटल्यानंतरची असते. ती "नंतरचा" आकडा देते. "आधीचा" आकडा द्यायची ताकद तिच्यात नाही.

आधीचा आकडा मिळतो दुसऱ्या ठिकाणी. जमिनीखाली स्फटिक वाढत असताना रसाचा एखादा थेंब त्याच्या पोटात अडकतो. भोवती स्फटिकाची भिंत उभी राहते, त्यामुळे वर येताना दाब उतरला तरी आतला रस गंधक धरून ठेवतो. कसारा-इगतपुरीच्या बाजूला बोटाच्या पेराएवढे प्लॅजिओक्लेज या फिकट खनिजाचे स्फटिक मिरवणारे बेसॉल्ट दिसतात. पाहणारा हरखून जातो, आणि पहिला नमुना बहुतेक जण तिथलाच उचलतात. पण प्लॅजिओक्लेज ठरावीक प्रतलांवर सहज तडकतं आणि आतला थेंब गळतो. ऑलिव्हिन या हिरवट खनिजाचा स्फटिक जास्त विश्वासाचा. आपल्याकडे त्याची अडचण म्हणजे तो बहुतेक ठिकाणी लालसर तपकिरी होऊन बिघडलेला असतो. भिंगातून पाहिल्यावर हिरवट, काचेसारखा, निदान गाभ्यात तरी स्वच्छ ऑलिव्हिन दिसला तरच तो दगड घरी न्या.

ऑलिव्हिन नसेलच तर ऑजाइट, म्हणजे पायरॉक्झिन गटातलं एक काळसर खनिज. त्याच्या जाळीत गंधक अगदी थोडं शिरतं, पण ते रसातल्या गंधकाच्या प्रमाणात. ते मोजून रसाचा आकडा मागे काढता येतो. २०२३ मध्ये दख्खनच्या पायरॉक्झिनवर असंच काम झालं आणि काही प्रवाहांच्या रसात १,८०० पीपीएमपर्यंत गंधक असल्याचा आकडा आला. मात्र त्यासाठी सिंक्रोट्रॉन या प्रचंड यंत्रातली प्रखर क्ष-किरण शलाका लागते, कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं ते काम नाही.

नमुन्याला जायचे दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात घाटातल्या कापलेल्या कड्याखाली उभं राहू नका, दरडी सांगून येत नाहीत. कड्यावर हातोडी मारण्यापेक्षा खाली पडलेला ताजा धोंडा फोडा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. मुठीएवढा तुकडा पुरे. जागा, प्रवाहाचा कितवा थर, वरची कड की गाभा, हे तिथेच वहीत लिहा. लोकलमध्ये बसल्यावर लिहू म्हणालात तर तीन नमुन्यांत गोंधळ झालाच म्हणून समजा. घरी आल्यावर तुकडे कोरडे करून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. मुंबईच्या हवेत बारीक सल्फाइडला गंज चढायला एक पावसाळा पुरतो.

पायरी २: मोजण्याआधी बघा

दगडाचा पातळ काप करून घ्या, पण वर काच चिकटवू नका. पृष्ठभाग आरशासारखा घासलेला हवा. सूक्ष्मदर्शक परावर्तित प्रकाशावर लावा. सिलिकेट खनिजं राखाडी आणि मंद दिसतात. त्या राखाडी पसाऱ्यात अचानक एखादा पितळेसारखा चमकणारा गोल ठिपका येतो, दहा-वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केसाच्या जाडीहूनही बराच बारीक. नीट फोकस केला तर त्यात दोन-तीन छटा वेगळ्या काढता येतात: बदामी पिरोटाइट, त्यातच फिकट पिवळसर पेंटलँडाइटच्या ज्वाळेसारख्या रेघा, आणि कडेला गर्द पिवळा चाल्कोपायराइट. हा सल्फाइडचा थेंब. गरम असताना एकसंध द्रव होता, निवताना त्याची वेगवेगळी खनिजं झाली.

असा थेंब स्फटिकाच्या पोटात दिसला तर फार मोलाची गोष्ट कळली: तो स्फटिक वाढत होता तेव्हा शिलारसात सल्फाइड मावेनासं झालं होतं, रस गंधकाने तुडुंब होता. तोच पिवळा रंग भेगेत, पोकळीत किंवा पोकळ्यांत नंतर भरलेल्या झिओलाइट या खनिजाच्या शेजारी, चौकोनी कडांचा दिसला तर ते नंतरच्या गरम पाण्याने बसवलेलं पायराइट आहे. गोल आणि बंदिस्त असेल तर शिलारसाचं, चौकोनी आणि भेगेतलं असेल तर पाण्याचं, ही खूण दहात नऊ वेळा बरोबर निघते. उरलेल्या एका वेळेसाठी वरिष्ठांना विचारा.

सगळा दगड कुटून गंधक मोजण्याला माझा विरोध आहे तो याचमुळे. पूड केली की गोल थेंब आणि भेगेतलं पायराइट एकाच आकड्यात मिसळतात आणि मग कुणालाच वेगळं काढता येत नाही.

पायरी ३: काचेत गंधक मोजणं

यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब लागतो, म्हणजे इलेक्ट्रॉनांची शलाका मारून बारीक ठिपक्यातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र. मुंबईत पवईला आयआयटीत तो आहे. यंत्र चालवणारे तज्ज्ञ असतात, पण काय मागायचं हे तुम्हाला ठाऊक हवं. नेहमीच्या मोजणीत गंधकाला दहा-वीस सेकंद देतात, ते पुरत नाहीत. शिखरावर, म्हणजे गंधकाची क्ष-किरण रेषा सर्वांत उंच असते तिथे, निदान साठ ते शंभर सेकंद मागा, तरच पन्नास पीपीएमच्या आसपासचा फरक कळतो. शलाका एका बिंदूवर न रोखता दहा मायक्रॉनपर्यंत पसरवून घ्या, नाहीतर काचेतलं सोडियम पळतं आणि बाकी आकडेही बिघडतात.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. सल्फाइड आणि सल्फेटमधल्या गंधकाची क्ष-किरण रेषा अगदी एकाच जागी पडत नाही, जराशी सरकते. यंत्र बॅराइट या सल्फेट खनिजावर जुळवून सल्फाइडवाली काच मोजली तर शिखराच्या बाजूला मोजलं जातं आणि गंधक कमी भरतं. म्हणून प्रत्येक काचेवर शिखराची जागा आधी शोधा. हाच सरकण्याचा गुण पुढच्या पायरीला उपयोगी पडतो.

थेंबात काच आणि सोबत एखादा बारीक सल्फाइडचा मणी असेल तर फक्त काचेचा आकडा अपुरा. मणी थेंब अडकल्यानंतर आत वेगळा झाला असेल, तर त्यातलं गंधक परत मिळवायला हवं. हिशेब सोपा आहे. समजा काचेचा थेंब ६० मायक्रॉन व्यासाचा आणि मणी ४ मायक्रॉनचा. व्यासांच्या गुणोत्तराचा घन केला की आकारमानाचं प्रमाण येतं, सुमारे ०.०००३. सल्फाइड काचेच्या साधारण दीडपट जड, म्हणून वजनाचं प्रमाण सुमारे ०.०००४५. सल्फाइडमध्ये ३६ टक्के गंधक धरलं तर उत्तर १६० पीपीएमच्या जवळपास. सूक्ष्मदर्शकातही जेमतेम दिसणाऱ्या ठिपक्यात एवढं गंधक लपलेलं असतं.

थेंबाच्या भिंतीवर नंतर ऑलिव्हिनचा थर चढतो आणि उरलेल्या काचेतलं गंधक वाढल्यासारखं दिसतं. तीही दुरुस्ती करायची असते, त्याची पद्धत कुठल्याही शिलाशास्त्राच्या मार्गदर्शकाकडून तासाभरात शिकता येईल.

पायरी ४: ऑक्सिजनचा अंदाज

या पायरीला वगळून पुढे जाणारे फार आहेत, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

शिलारस किती ऑक्सिडीकृत आहे हे सांगायला भूशास्त्रज्ञ एक संदर्भरेषा वापरतात: फायालाइट, मॅग्नेटाइट आणि क्वार्ट्झ ही तीन खनिजं एकत्र सुखाने नांदतात तेव्हाची ऑक्सिजनची पातळी. तिला आद्याक्षरांवरून एफएमक्यू म्हणतात. अधिक १ म्हणजे तिच्या दसपट ऑक्सिजन, अधिक २ म्हणजे शंभरपट. सागरतळाच्या मध्यकण्यांवरचे बेसॉल्ट या रेषेच्या आसपास असतात. ज्या ज्वालामुखींखाली सागरी तळ पृथ्वीच्या पोटात सरकतो, तिथले रस तिच्या वर, अधिक १ किंवा थोडे पुढे.

सल्फाइडचं सल्फेट होताना गंधकाचा एकेक अणू आठ इलेक्ट्रॉन सोडतो. त्यामुळे ऑक्सिजन दसपट झाला की सल्फेट आणि सल्फाइड यांचं गुणोत्तर शंभरपट होतं. बेसॉल्टसाठी २०१० मध्ये प्रयोगांवरून मांडलेलं एक साधं सूत्र आहे: गुणोत्तराचा लॉग म्हणजे एफएमक्यूपासूनच्या अंतराची दुप्पट, वजा २.१. स्वतः करून पाहा. रेषेवर बरोबर शून्यावर असाल तर सल्फेट एक टक्क्याहून कमी. अधिक ०.५ वर सुमारे ७ टक्के. अधिक १ वर ४४. अधिक १.५ वर ८९. अधिक २ वर जवळजवळ ९९.

हे आकडे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर हाताने काढायला लावते, कारण त्यातला कडेलोट हाताने काढल्याशिवाय अंगी उतरत नाही. अर्ध्या एककाच्या दोन उड्यांत रसातल्या गंधकाचा सगळा स्वभाव पालटतो. आणि क्षमताही पालटते. १३०० अंश सेल्सियसच्या आसपासच्या बेसॉल्टी रसात सल्फाइड म्हणून साधारण १,३०० पीपीएम गंधक मावतं, पण पूर्ण सल्फेट झालं तर १.५ टक्के, म्हणजे १५,००० पीपीएम, दहापटीहून जास्त. "बेसॉल्टमध्ये गंधक किती विरघळतं?" या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर नाही ते यामुळे. आधी ऑक्सिजन सांगा, मग आकडा सांगते.

तापमान आणि रसाची घडण बदलली की हे सूत्रही सरकतं, तेव्हा दुसरा दशांश फार मनावर घेऊ नका.

ऑक्सिजन काढायचा कसा? काचेतल्या लोहापैकी तीन-भारी, म्हणजे जास्त ऑक्सिडीकृत, लोह किती यावरून, किंवा एकाच दगडातल्या मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट या लोहखनिजांच्या जोडीवरून. ही जोडी निवताना पुन्हा अदलाबदल करते, म्हणून ताजी असेल तरच धरा. गंधकाच्या क्ष-किरण रेषेच्या सरकण्यावरूनही कळतं. सिंक्रोट्रॉनवर तर सल्फाइडचा रुंद उंचवटा आणि २,४८२ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळचं सल्फेटचं टोकदार शिखर वेगवेगळे दिसतात.

पायरी ५: क्षमतेची मर्यादा काढा आणि ताडून बघा

सल्फाइडची मर्यादा तीन गोष्टी ठरवतात. तापमान वाढलं की जास्त मावतं. बेसॉल्टमध्ये लोह वाढलं की जास्त मावतं. दाब वाढला की कमी मावतं. ही तिसरी गोष्ट पाणी आणि कार्बन डायऑक्साइडच्या नेमकी उलट आहे, परीक्षेत हमखास चुकते. खोलवर गंधकाने तुडुंब असलेला रस वर आला की त्याची मर्यादा वाढते आणि तो अतृप्त होतो, म्हणजे त्यात आणखी गंधक मावू शकतं. पुढे जमिनीखालच्या उथळ कोठीत साठून तो निवतो, स्फटिक वेगळे होतात, उरलेल्या रसात गंधक साठत जातं आणि पुन्हा मर्यादेला टेकतं.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये लोह भरपूर, त्यामुळे गंधक धरायची ऐपतही चांगली. याउलट मनोरी-गोराईकडचे फिकट ट्रॅकाइट किंवा उत्तनजवळच्या डोंगरीचा ऱ्हायोलाइट हे फिकट ज्वालामुखी दगड पाहा. लोह गेलेलं, तापमान उतरलेलं. अशा रसात सल्फाइड म्हणून फार थोडं गंधक टिकतं. एकाच मुंबईत दोन्ही टोकांचे दगड आहेत, हे आपलं भाग्यच.

मर्यादेचा आकडा काढायला हातगणित नको. पायथनमध्ये चालणारं पायसल्फसॅट हे मोफत साधन आहे. काचेचं पूर्ण रासायनिक पृथक्करण, तापमान, दाब, तीन-भारी लोहाचा वाटा आणि जमल्यास सल्फाइडच्या थेंबातलं निकेल-तांबं भरा. निकेल-तांबं वगळलंत तर मर्यादा खरीपेक्षा जास्त येते.

आता मोजलेला आकडा शेजारी ठेवा. दोन्ही जवळ असतील आणि पायरी २ मध्ये गोल थेंब दिसले असतील तर रस तृप्त होता. मोजलेला आकडा बराच खाली असेल तर दोन शक्यता: रस मुळात अतृप्त होता, किंवा थेंब अडकण्याआधीच वायू सुटायला लागला होता. इथे तांबं मदतीला येतं. तांब्याला सल्फाइडची फार ओढ. सल्फाइडचे थेंब वेगळे होऊन खाली बसले तर रसातलं तांबं त्यांच्यासोबत जातं. स्फटिक वेगळे होत रस जसजसा उत्क्रांत होतो तसतसं तांबं वाढत गेलेलं दिसलं, तर थेंब वेगळे झालेच नाहीत असं समजा.

दख्खनमध्ये बहुतेक प्रवाहांत तांबं टिकून आहे. सैबेरियातल्या नोरिल्स्कला मात्र लाव्हांतून निकेल-तांबं हरवलेलं सापडतं आणि खाली जगातला एक मोठा निकेलचा साठा आहे. तिथला रस वर येताना गंधकयुक्त अॅनहायड्राइटच्या थरांतून आला आणि बाहेरचं गंधक पिऊन तृप्त झाला. आपल्या सह्याद्रीतल्या बुशे आणि पोलादपूर या लाव्हाथरांच्या रसानेही भूकवचाचा बराच भाग पोटात घेतला, पण त्या भूकवचात गंधक फारसं नसावं. सह्याद्रीत निकेलच्या खाणी का नाहीत, याचं उत्तर असं बहुधा गंधकाच्या हिशेबात दडलेलं आहे.

पायरी ६: हवेत गेलं किती

बेसॉल्टमधलं गंधक बहुतांशी अगदी वर आल्यावर सुटतं, शेवटच्या काहीशे मीटरांत. बुडबुड्यातल्या वायूत सल्फर डायऑक्साइड जास्त असेल की हायड्रोजन सल्फाइड, हे तापमान, दाब आणि ऑक्सिजनवर ठरतं. तप्त, कमी दाबाचा, ऑक्सिडीकृत वायू सल्फर डायऑक्साइडकडे झुकतो. थंड, दडपलेला आणि पाण्यात मुरलेला वायू हायड्रोजन सल्फाइडकडे. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवर आपण ज्याला गंधकाचा वास म्हणतो तो या हायड्रोजन सल्फाइडचा. चांदीचे पैंजण घालून कुंडात उतरलेल्या बाईचे पैंजण काळवंडतात, कारण चांदीवर सल्फाइडची साय धरते. मात्र ती कुंडं गरम आहेत ती खाली शिलारस आहे म्हणून नव्हे. पावसाचं पाणी भेगांतून खोल जाऊन तापून वर येतं.

हिशेबाची रीत अशी. स्फटिकात अडकलेल्या थेंबातलं गंधक, वजा लाव्हाच्या कडेच्या काचेतलं गंधक, एवढं हवेत गेलं. दख्खनच्या काचथेंबांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आत १,४०० पीपीएमपर्यंत आणि लाव्हात काहीशे पीपीएम गंधक सापडलं. जास्तीत जास्त फरक ०.१०३ टक्के. आता एक घन किलोमीटर लाव्हा घ्या. घनता दर घनमीटरला २,७०० किलो धरली तर वजन २७० कोटी टन. त्याचे ०.१०३ टक्के म्हणजे २७.८ लाख टन गंधक. गंधकाचा अणुभार ३२, सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४, म्हणून दुप्पट करा: ५५.६ लाख टन. त्या अभ्यासातला आकडा ५४ लाख टन आहे, फरक घनतेच्या निवडीचा. रसात आधीच दहा टक्के स्फटिक असतील तर उत्तराला ०.९ ने गुणायला विसरू नका, कारण गंधक रसात होतं, स्फटिकांत नव्हे.

हजार घन किलोमीटरचा एक उद्रेक दहा वर्षं चालला असं समजा. वर्षाला शंभर घन किलोमीटर, म्हणजे वर्षाला पन्नास कोटी टनांहून जास्त सल्फर डायऑक्साइड. फिलिपिन्सच्या पिनाटुबोने १९९१ मध्ये दीड ते दोन कोटी टन सोडला आणि पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. पिनाटुबोचा वायू स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेत, गेला, लाव्हाच्या भेगांतून निघणारा बराचसा खालीच राहतो, म्हणून सरळ गुणाकार करून थंडी काढू नका. पण खाली राहिलेला वायूही निरुपद्रवी नसतो. आइसलँडच्या लाकी भेगेतून १७८३-८४ मध्ये आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा आणि १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड निघाला. गुरं-मेंढ्या मेल्या, दुष्काळ पडला आणि देशातली सुमारे एक पंचमांश माणसं गेली. दख्खनच्या बाबतीत म्हणूनच "एकूण किती" इतकाच "किती वेळात" हा प्रश्न महत्त्वाचा. तोच वायू हजार वर्षांत सुटला तर पावसाने धुऊन निघतो.

ही रीत कुठे फसते

पिनाटुबोवर हाच हिशेब लावला तर उपग्रहाने मोजलेल्या वायूच्या मानाने फारच थोडं गंधक मिळतं. कारण उद्रेकाआधीच तिथल्या कोठीत गंधकाने भरलेला वायू बुडबुड्यांच्या रूपात साठला होता. काचेच्या थेंबाने तो पाहिलाच नाही, त्याने फक्त विरघळलेलं गंधक टिपलं. म्हणून या रीतीने निघालेला आकडा "कमीत कमी एवढं" असा लिहायचा, विशेषतः पाणीदार, ऑक्सिडीकृत, चिकट रसांच्या बाबतीत.

अॅनहायड्राइटचीही अशीच फसगत होते. मेक्सिकोच्या एल चिचोन ज्वालामुखीने १९८२ मध्ये फेकलेल्या ताज्या प्युमिसमध्ये, म्हणजे फेसासारख्या हलक्या दगडात, अॅनहायड्राइटचे स्फटिक सापडले, तेव्हा अनेकांचे डोळे उघडले. ते खनिज पाण्यात विरघळतं. काही पावसाळे गेले की त्याच्या जागी रिकामी भोकं उरतात. दख्खनचा रस एफएमक्यूच्या आसपासचा, तिथे अॅनहायड्राइटची अपेक्षाच नाही. पण दुसऱ्या कुठल्या जुन्या राखेत ते दिसलं नाही म्हणून "नव्हतं" असं लिहू नका. सह्याद्रीवरच्या पावसात तर ते एक वर्षही टिकणार नाही.

अंधेरीच्या त्या मुलाने जानेवारीत कसाऱ्याच्या वरच्या अंगाला पडलेल्या धोंड्यांतून अकरा नमुने आणले. दहांतलं ऑलिव्हिन लाल झालेलं निघालं. अकराव्यात एका स्फटिकाचा गाभा स्वच्छ होता, आणि त्या गाभ्यात साधारण चाळीस मायक्रॉनचा तपकिरी काचेचा थेंब, आत एक बुडबुडा आणि त्याला टेकलेला पितळी मणी. त्याने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही, नुसता हात हलवून मला बोलावलं. मण्याचा व्यास त्याने तीनदा मोजून वहीत लिहिला आहे. प्रोबवर वेळ मिळाली आहे, शंभर सेकंदांची मोजणी मागितली आहे.